आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाला) जोडलेल्या १६ बाय २ एलसीडीवर नुसते काळे चौकोन येतायत, डिस्प्ले खराब निघाला का? नवीन घेऊ का?

नवीन घेऊ नका. आज तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय की डिस्प्लेच्या मागे आयटूसीचा (दोनच वायरींवरनं डाटा घेणारा) छोटा बोर्ड आहे, बॅकलाइट लागतो, वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी, स्कॅनर (जोडलेल्या चिपचा पत्ता शोधणारा प्रोग्रॅम) चालवला तर ०एक्स२७ हा पत्ता सापडतो, आणि मित्र म्हणतोय "उडालाय, बदलून टाक". हे मित्राचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

२०१६ ला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता, विहिरीतलं पाणी मोजून मोटर बंद करणारा बोर्ड. विषय माझाच, कारण आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची यायची आणि वडील बॅटरी घेऊन विहिरीच्या काठावर वाकून पाणी बघायचे, ते मला बघवायचं नाही. त्यांना मोटरघरात उभं राहून वाचता यावं एवढंच हवं होतं, आणि तेही मराठीत. ह्या एलसीडीत आपली स्वतःची अक्षरं आठच बनवता येतात, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं. त्यात 'पाणी' आणि 'फूट' बसवायला मी दोन रात्री चौकटीच्या वहीत ठिपके भरत बसलो होतो. 'ण' काही केल्या बसेना, मग त्याला दोन घरं दिली.

वायरिंग आणि कोड माझा, सोल्डरिंग पार्टनरचं. सबमिशनला आठ दिवस राहिले आणि तुमच्यासारखेच चौकोन. पार्टनर सरळ म्हणाला, तू जास्त व्होल्टेज दिलंस, उडवलास. अरे बाबा, नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर उनोच्या जॅकला आहे, डिस्प्लेला उनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवरनं सप्लाय जातोय, मीटर लावून ४.९ दाखवले तरी ऐकेना. गाईड सर म्हणाले वाद घालू नका, नवीन आणा. मी दौंडहून गाडी पकडून पुण्याला बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाच्या आसपास फिरून दुसरा आणला, जोडला, परत चौकोन! आता तर सगळ्यांची खात्रीच झाली की मी डिस्प्ले जाळतोय.

दुसऱ्याची भानगड रात्री सापडली. मागच्या बोर्डावरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता सहसा ०एक्स२७, पण तिच्या नावापुढे ए असेल तर ०एक्स३एफ. नवीन बोर्डावर ए वाली होती आणि कोडमध्ये जुनाच पत्ता. तो बदलला, अक्षरं आली, प्रोजेक्ट पास झाला. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांसमोर "ह्याने एक डिस्प्ले जाळला" हे सांगितलं गेलंच, आणि मी गप्प बसलो.

पहिला डिस्प्ले मी घरी आणला होता. सुट्टीत भिंग घेऊन मागची सोळा पिनांची रांग बघितली. सोल्डरचे पंधरा डाग चकचकीत, पिनेला सगळीकडून धरून बसलेले. सहाव्या पिनेवर मात्र सोल्डरचा राखाडी गोळा, मण्यासारखा नुसता वर टेकलेला, खाली तांब्याच्या कडीत आणि त्याच्यात केसाएवढी फट. ड्राय, म्हणजे डाग नीट चिकटलाच नव्हता! नखानं दाबून धरला आणि उनोचं रिसेट दाबलं तर सगळी अक्षरं आली, बोट सोडलं की पुढचं काही बदलेना. ही सहावी पिन म्हणजे ई, इनेबल. तिची टिचकी बसल्याशिवाय एलसीडी डाटा पिनांवरचं काही वाचतच नाही. सोल्डरिंगची इस्त्री टेकवून नवीन डाग दिला, काम झालं.

आता हे तुम्हाला का सांगतोय, तर स्कॅनरला उत्तर देते ती मागची चिप, एलसीडी नाही. पुढची काच काढून ठेवली तरी स्कॅनर ०एक्स२७ दाखवेल. त्यामुळे पत्ता सापडला म्हणजे उनोपासून चिपपर्यंत ठीक, आणि ठळक चौकोन दिसतायत म्हणजे एलसीडीला सप्लाय आणि कॉन्ट्रास्टही ठीक, फक्त तिला सुरुवातीची कमांड पोचत नाहीये. पत्ता तुमच्या कोडमध्ये तोच टाकलाय आणि सेटअपमध्ये इनिट (डिस्प्ले सुरू करायची ओळ) लिहिलंय असं धरतो. मग चार, सहा आणि अकरा ते चौदा ह्या पिनांचे डाग बघा, तुमची गडबड बहुतेक तिथेच आहे. डिस्प्ले चालवायच्या तयार कोडच्या, एकाच नावाच्या दोन-तीन लायब्ररी फिरतात आणि काहींची पिनांची मांडणी वेगळी असते, तेही एकदा तपासा.

आणि मित्राला विचारा, उडालाय म्हणतोस तर मीटर कुठे लावलास? ज्यानं मीटर हातात घेतला नाही त्यानं उडालाय म्हणू नये, आणि ज्याच्या हातात इस्त्री होती त्यानं तर आधी आपले डाग बघावेत. मी तो नीट केलेला डिस्प्ले चालू करून पार्टनरला फोटो पाठवला होता. "नशीब तुझं" एवढंच उत्तर आलं. नशीब कसलं, सहावी पिन होती.

हां, एक राहिलं. प्लस-मायनस उलटं लागलं होतं आणि चिप किंवा काचेमागचा काळा ठिपका बोट ठेववत नाही इतका तापला असेल तर मात्र खरंच गेला असू शकतो. आणि चौकोनही नसून नुसता उजेड असेल तर मागचा निळा पोट, म्हणजे कॉन्ट्रास्ट कमीजास्त करायचा स्क्रू, बारीक स्क्रूड्रायव्हरनं हळू फिरवा. थंडीत अक्षरं फिकी पडतात, आमच्या मोटरघरात मी दर डिसेंबरला तो थोडा फिरवतो. तोच पहिला डिस्प्ले आहे तिथे, वडील अजून त्याच्यावरच पाणी बघतात.

डागांचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.