पुतणीचे पालकत्व: सांभाळ वेगळा, सहीचा अधिकार वेगळा

आई-वडिलांच्या पश्चात नऊ वर्षांची पुतणी तुमच्याच घरी वाढते आहे, मग तिच्या ठेवीसाठी बँक न्यायालयाचा आदेश का मागते आणि तिच्या वाट्याचे गोव्यातील फोंड्याजवळचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) विकून शिक्षणाचा खर्च भागवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. बँकेची मागणी रास्त आहे. मुलीचा सांभाळ केल्याने तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून घ्यावा लागतो.

पाल्य ठरलेली मुलगी दत्तक जात नाही आणि तिची मालमत्ताही तिचीच राहते. तुम्ही विश्वासाने ती सांभाळायची, त्यातून स्वतःचा लाभ करून घ्यायचा नाही आणि न्यायालयाने सांगितल्यास स्थावर-जंगम, रोकड व देण्याघेण्याची यादी सहा महिन्यांत सादर करायची. पूर्वी न्यायालयाने पालक नेमलेले मूल 21 व्या वर्षी सज्ञान होई. 1999 च्या दुरुस्तीपासून तेही 18 व्या वर्षीच होते.

कुळागराबाबत मात्र घाई करू नका. न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही पूर्वपरवानगीशिवाय पाल्याची स्थावर मालमत्ता विकता, गहाण टाकता किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही, आणि निकड किंवा मुलीचा उघड फायदा दाखवल्याशिवाय ती परवानगी मिळत नाही. परवानगीविना केलेले खरेदीखत पुढे रद्द होऊ शकते. माझ्या मते सुपारी-नारळाच्या उत्पन्नाचा हिशेब वहीत तारीखवार लिहून त्यातूनच शाळेचा खर्च भागवावा. विक्री हा अगदी शेवटचा उपाय.

गोव्यातला कौटुंबिक कायदा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे, म्हणून पत्रादेवीच्या सीमेपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी 1956 च्या हिंदू कायद्याच्या आधारे दिलेल्या सल्ल्यावर विसंबू नका. भावाच्या इस्टेटीची वाटणी झाली नसेल, तर 2012 च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे इन्व्हेंटरीचाही (वारसांमध्ये इस्टेटीची वाटणी करण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेचाही) विचार इथल्याच वकिलाशी बोलून करा.

अर्जात मुलीच्या जवळच्या नातेवाइकांची नावे द्यावी लागतात, तेव्हा तिच्या आजोळी आधीच बोलून घ्या. न्यायालय नात्याइतकेच मुलीचे हित, मृत आई-वडिलांची इच्छा आणि तिला समज असेल तर तिचे म्हणणेही पाहते. पालक होण्यास राजी असल्याचे तुमचे सही केलेले निवेदन, किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, अर्जासोबतच जोडा.