हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर विकत घेण्याऐवजी घरी बनवणे परवडते का?

पैसे वाचवणे एवढाच हेतू असेल, तर सहसा परवडत नाही; कारण आयसी (आवाज वाढवणारी मुख्य चिप) स्वस्त असला तरी टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि धातूची पेटी यांवर बराच खर्च होतो. शिकण्याची ओढ असेल, तर मात्र अवश्य बनवावा.

सुरुवातीला एलएम ३८८६ या आयसीचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घ्यावा, असे माझे मत आहे. अधिक-उणे २८ व्होल्टवर हा आयसी ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे ३८ वॅट देतो, आणि घरातल्या खोलीला तेवढे पुरून उरतात. मात्र या आयसीच्या नकला बाजारात फिरतात, म्हणून तो अधिकृत वितरकाकडूनच घ्यावा.

खरी कसोटी डाख देण्यात नसून ग्राउंडच्या, म्हणजे परिपथातील शून्य व्होल्टच्या तारांच्या, मांडणीत असते. माझ्या पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणे थांबले की बारीक घुमणारा आवाज येत राहायचा. इनपुटची ग्राउंड वायर फिल्टर कपॅसिटरच्या (विद्युतभार साठवून वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या घटकाच्या) चार्जिंगच्या मार्गात जोडली गेली होती. ती सोडवून सर्व ग्राउंड एकाच बिंदूवर आणल्यावर तो आवाज थांबला, आणि तानपुऱ्याची आस विरून जाईपर्यंत स्वच्छ ऐकू आली, तेव्हा झालेला आनंद विकतच्या यंत्राने मला कधी दिला नव्हता.

२३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज आणि पेटीला पक्के अर्थिंग द्यावेच. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, त्यामुळे मीटरने व्होल्टेज तपासल्याशिवाय आत हात घालू नये.