घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक संगीत रेकॉर्ड करायला तुम्ही कोणती साधनं वापरता? प्रेरणा कुणाकडून मिळाली?

माझ्याकडे सामान मोजकंच आहे. लॅपटॉप, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्याचा आवाज संगणकात नेणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, क्लोज्ड-बॅक (आवाज बाहेर न सोडणारे) हेडफोन, २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (संगणकातली वाद्यं वाजवायला) आणि एक छोटा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर. हौसेनं संगीत करणाऱ्याला एवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मत बनलं ते ज्यांच्यामुळे या नादाला लागलो त्यांचं काम ऐकून.

त्यात पहिलं नाव चरणजित सिंग यांचं. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे हे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या तीन यंत्रांवर, म्हणजे ज्युपिटर-८ (सिंथेसायझर), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि टीआर-८०८ (तालाचं यंत्र) वर, दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोतल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची चाहूल त्यात काही वर्षं आधीच लागत होती. ३०३ मध्ये एका सुरातून पुढच्या सुरात घसरत जाण्याची सोय आहे, तिला स्लाइड म्हणतात. रागसंगीताला सरावलेल्या कानाला ती मींडेच्या फार जवळची वाटते. बेस गिटारवाल्याच्या जागी साथ करायला बनवलेल्या यंत्रातून असं काही निघू शकतं, याचं मला आजही अप्रूप आहे.

दुसऱ्या डेलिया डर्बीशायर. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात १९६३ साली त्यांनी ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत घडवलं. चाल रॉन ग्रेनर यांची, पण प्रत्येक सूर टेपवर घेऊन, हवा तेवढा कापून, एकाला एक चिकटवलेला. सिंथेसायझर नव्हताच. छेडलेली तार, ऑसिलेटर (विजेवर सलग सूर काढणारं उपकरण) आणि व्हाइट नॉइज (रेडिओच्या खरखरीसारखा आवाज), बस्स. त्यांच्यामुळे मी माइककडे वाद्य म्हणून पाहायला लागलो. दाराची कडी रेकॉर्ड करून वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो. आणखी निम्मा केला की दोन सप्तकं, आणि कडीचा मोठा घंटानाद होतो. माझ्या निम्म्या ट्रॅकमधला तालवाद्यांचा भाग असाच बनलेला आहे.

आता थोडं कामाचं. घरातल्या साध्या खोलीत कंडेन्सर माइक पंखा, रस्ता, भिंतीवरून परतणारा आवाज, सगळंच टिपतो, शिवाय त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्याच वायरीतून जाणारी वीज) लागतो. म्हणून डायनॅमिक, तोही तोंडाच्या अगदी जवळ. गाणाऱ्याच्या मागे कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवलं तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लेव्हल शून्यापर्यंत, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत, नेण्याची गरज नाही, क्लिप झालेला (मर्यादा ओलांडून फाटलेला) आवाज पूर्ववत होत नाही. वाजवताना बफर (संगणक एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने जमवून हाताळतो तो आकडा) १२८ ठेवा: ४४,१०० हर्ट्झला त्या बफरचा उशीर सुमारे ३ मिलिसेकंद, तो बोटांना जाणवत नाही. मिक्सिंगला बसलात की १०२४ करा, म्हणजे प्रोसेसरला श्वास घेता येतो.

खरेदीचा क्रम विचाराल, तर आधी हेडफोन, मग इंटरफेस, मग माइक. सिंथ सगळ्यात शेवटी. तोवर सर्ज एक्सटी हा मोफत प्लगइन (रीपरमध्ये चालणारा सॉफ्टवेअर सिंथ) घ्या, त्यातला एकच ऑसिलेटर सुरू ठेवा, सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर) निवडा, लो-पास फिल्टरचा (वरचे सूर गाळणाऱ्या भागाचा) रेझोनन्स, म्हणजे गाळण्याच्या सीमेजवळचा जोर, वाढवा आणि सूर वाजत असताना कटऑफ, म्हणजे ती सीमा, हातानं फिरवत राहा. पहिले काही दिवस दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावू नका.