‘आय ट्रस्ट यू इम्प्लिसिटली’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी हिंजवडीला आयटीत आहे. प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर आमच्या लंडनच्या मॅनेजरचा मेल आला, त्यात ‘आय ट्रस्ट यू इम्प्लिसिटली’ असं होतं. मला इम्प्लिसिटली म्हणजे ‘न बोलता, आडून’ एवढंच माहितीये. मग विश्वास आहे पण उघड म्हणणार नाही, असं काही आहे का? रिप्लाय काय करू तेच कळेना.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी छानसा थँक्यूचा मेल टाका, कारण त्यांचा तुमच्यावर डोळे झाकून विश्वास आहे असं त्यांनी लिहिलंय! ट्रस्ट, बिलीव्ह, ओबे असल्या क्रियापदांसोबत हा शब्द आला की अर्थ होतो ‘काही शंका न घेता, पूर्णपणे’. हे कसं झालं ते फार सुंदर आहे. मूळ लॅटिन ‘इम्प्लिकारे’, म्हणजे आत गुंडाळणं. चर्चच्या धर्मशास्त्रात ‘फिदेस इम्प्लिसिता’ अशी कल्पना होती, म्हणजे साध्या भाविकाला सगळी तत्त्वं तपशिलात माहीत नसली तरी ‘चर्च मानतं ते मी मानतो’ म्हटलं की बाकीची श्रद्धा त्यात आलीच, आणि तिथूनच मग खोलात न शिरता ठेवलेला तो पूर्ण विश्वास असा अर्थ रुळला.

तुम्हाला माहितीये तो अर्थही बरोबरच आहे हं. मित्राने विचारलं ‘रविवारी सिंहगडला येतोस का’ आणि तुम्ही म्हणालात ‘सोमवारी सकाळी डेमो आहे रे’, तर तुम्ही इम्प्लिसिटली नाही म्हणालात. ह्यालाच आपल्याकडे काव्यशास्त्रात व्यंजना म्हणतात, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणं. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त काव्याचा आत्माच ध्वनी, म्हणजे असा सुचवलेला अर्थ, म्हणून सांगितला, आणि तत्त्वज्ञ ग्राइसचा इम्प्लिकेचरवरचा, म्हणजे बोलण्यातून असा सूचित होणाऱ्या अर्थावरचा, गाजलेला लेख छापून आला १९७५ साली. कायद्यातही हे आहे, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ९ मध्ये शब्दांत दिलेलं वचन ‘एक्स्प्रेस’ आणि शब्दांवाचून दिलेलं ‘इम्प्लाइड’. पीएमपीच्या बसमध्ये चढलात की तिकीट काढायचं तुम्ही कबूल केलंत, तोंडाने काही बोलावं लागत नाही.

आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, कोणी हूं की चूं केलं नाही, तिथे मात्र ‘टॅसिटली’ लिहा. त्याचं मूळच गप्प राहणं असं आहे, त्यामुळे मूक संमतीला तोच जास्त चपखल बसतो.