वाचकांचे प्रश्न: हाँगकाँगचा पहिला दिवस

प्रश्न: रात्रीच्या विमानानं आम्ही दोघं सकाळी हाँगकाँगला उतरतोय. हॉटेल त्सिम शा त्सुईत, नेथन रोडजवळ आहे. पहिल्याच दिवशी पीकवर, म्हणजे व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर, जावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: जाऊ नका. जागरणानंतर डोंगरावर नेणाऱ्या पीक ट्रामच्या रांगेत उभं राहायचं आणि वर ढग उतरलेले असले, तर सगळा खटाटोप वाया. मार्च-एप्रिलमध्ये तर धुकं हमखास. पीक दुसऱ्या दिवशी, आकाश बघून करा. पहिला दिवस बंदराला द्या. हे शहर पाण्यावरून पाहिलं की त्याची रचना लगेच उमगते.

एक काम मात्र इथूनच करून जा. भारतीय पासपोर्टवर 14 दिवस व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. नाव पासपोर्टबरहुकूम भरा, पावती ए-फोर कागदावर छापून सही करा आणि सोबत ठेवा.

विमानतळावरच ऑक्टोपस कार्ड घ्या. बस, मेट्रो, फेरी, ट्राम सगळीकडे चालतं. ए-21 बस थेट नेथन रोडवर आणते. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत.

दुपारी झोप काढून चारच्या सुमारास घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या धक्क्यावर या. इथूनच स्टार फेरी सुटते. तिची सुरुवात 1888 मध्ये दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थानं केली. फाटकावरची पाटी वाचूनच आत शिरा. याच धक्क्यावरून वान चायलाही बोट जाते आणि घाईत हमखास चूक होते. तुम्हाला सेंट्रल, म्हणजे समोरच्या हाँगकाँग बेटावरचा भाग, हवाय. वरच्या मजल्याचं तिकीट थोडं महाग आहे, पण तेच घ्या. खाली इंजिनाची घरघर आणि तेलाचा वास असतो. बोटीला दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे ती वळत नाही. वळवायची असते ती बाकाची पाठ: लाकडी पाठ हातानं पलीकडे ढकलली की तुमचं तोंड पुढे. साधारण दहा मिनिटांत पलीकडे.

सेंट्रलचा धक्का 2006 पासून पूर्वीपेक्षा पुढे, भराव घातलेल्या जागेत आहे. पादचारी पुलावरून दहा मिनिटं चाललात की ट्रामचे रूळ लागतात. ‘नॉर्थ पॉइंट’ पाटीची दुमजली ट्राम पकडा. मागून चढायचं, पुढून उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे. आपल्या सवयीनं चढतानाच कार्ड काढू नका. वर अगदी पुढची जागा धरा. शेवटी ट्राम चुन युंग स्ट्रीटच्या बाजारात शिरते. दोन्ही बाजूंना मासळी, संत्री, भाज्यांचे ढीग, आणि घंटा वाजली की लोक जेमतेम हातभर बाजूला सरकतात.

साडेसातपर्यंत फेरीनं परत या. आठ वाजता इमारतींवरचा प्रकाशखेळ सुरू होतो आणि तो त्सिम शा त्सुईच्या काठावरूनच नीट दिसतो. वादळाचा 8 क्रमांकाचा बावटा लागला, तर फेरी आणि ट्राम दोन्ही बंद.

प्रश्न: शाकाहारी जेवण मिळेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर: मिळेल, पण नुसती पालेभाजी मागवलीत तरी वर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो आणि सूपचं पाणी बहुतेकदा मांसाचं. बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधा. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. पहिल्या रात्री डाळ-रोटीच हवी असेल, तर नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये भारतीय खाणावळी आहेत. वरच्या मजल्यांच्या लिफ्टला रांग असते. भूक लागायच्या आधीच निघा.