रेकॉर्डिंगचा जुना सेट टॉप बॉक्स बंद पडत आहे. खेड्यातील घरासाठी नवा कोणता घ्यावा?

नमस्कार. आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: राळेगाव तालुक्यातील गावात आपले घर आहे. रेकॉर्डिंगच्या सेट टॉप बॉक्समधील हार्ड डिस्क टक्-टक् असा आवाज करते आणि चित्र मध्येच अडकते. कंपनीचा माणूस डिस्क नसलेला नवा बॉक्स बदलून देण्यास तयार आहे, परंतु ओलिताच्या दिवसांत आपण आणि आपले वडील रात्री शेतात असल्यामुळे रेकॉर्डिंगची सोय आपल्याला हवीच आहे. अशा वेळी कोणता बॉक्स घ्यावा?

मी आर्वी तालुक्यातील एका गावात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि घरची शेतीही पाहतो. आमच्याकडे आजवर असे दोन बॉक्स झाले आणि दोन्ही बिघडले, त्यामुळे आपली अडचण मला चांगली कळते. रात्रीच्या ओलिताची पाळी असली की साडेसातला घर सोडावे लागते, हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे परत यावे लागते, आणि त्या आठवड्यात घरातील कोणी काय पाहिले, कोणाचे काय राहिले, याचा हिशेब रेकॉर्डिंगवरच चालतो. शहरातील माणसाला ही चैन वाटेल. आपल्याकडे ती गरज आहे.

माझे पहिले सांगणे असे की, कंपनी आणि बॉक्स निवडण्यापूर्वी आपण आपल्या घरची वीज नीट पाहावी. रेकॉर्डर वीज नसताना काहीही नोंदवत नाही, आणि आपल्याकडे तो बिघडतो तोही बहुधा विजेमुळे किंवा उन्हामुळेच. वेचणीचा कापूस आम्ही समोरच्या खोलीत रचतो आणि टीव्हीही त्याच खोलीत आहे. पहिला बॉक्स बंद पडल्यावर मी तो खाली काढला, तेव्हा वरच्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा इतका दाट थर बसला होता की नखाने एका कोपऱ्यातून उचलताच तो नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. आत हवा जाण्यास वाटच उरली नव्हती. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला साधारणपणे ६० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सोसते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, वर टिनाचे छप्पर आणि जाळी बंद, अशा स्थितीत ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

दुसरा बॉक्स एका संध्याकाळी गेला. डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार सुटली, आणि अशा वेळी घरात २३० व्होल्टऐवजी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. पंखे एकदम जोरात फिरले, दिवे पांढरेशुभ्र झाले, आणि मी मेन स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत अडॅप्टर जळाला होता. डिस्कही पुन्हा सुरू झाली नाही. साध्या स्पाइक गार्डचा येथे उपयोग होत नाही, कारण तो क्षणभराचा उसळता दाब अडवतो, टिकून राहिलेला वाढीव दाब नाही. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास जोडणी तोडणारे उपकरण वेगळे मिळते. ते टीव्ही आणि बॉक्स या दोहोंच्या आधी बसवून घ्यावे, असा माझा आग्रह आहे. नव्या बॉक्सच्या मानाने तो खर्च लहान आहे.

भारनियमनाचा उपाय त्याहून सोपा आहे. रेकॉर्डिंगसाठी टीव्ही सुरू असण्याची गरज नसते; बॉक्स आणि त्याच केबलमधून वीज घेणारा छत्रीवरचा एलएनबी (छत्रीच्या तोंडाशी असलेला, लहरी पकडणारा छोटा डबा) एवढेच सुरू राहिले तरी पुरते, आणि हा भार एका लहान बल्बइतकाच असतो. घरी इन्व्हर्टर असल्यास बॉक्सचा प्लग त्याच्या लाइनवर घ्यावा. नसल्यास इंटरनेटच्या राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, त्यांवरही अनेक बॉक्स चालतात. मात्र अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, यूपीएसची अँपिअर क्षमता अडॅप्टरइतकी किंवा अधिक असली पाहिजे, आणि पिनेच्या आतील व बाहेरील धन-ऋण टोके तपासूनच जोडणी करावी. रात्री आठला वीज गेली आणि साडेआठला आली, एवढ्याने आमचा जो भाग हुकत असे, तो अशी सोय केल्यापासून हुकलेला नाही.

आता बॉक्सकडे वळतो. ज्यांच्या आतच डिस्क असते, असे बॉक्स वापरण्यास सर्वांत सोयीचे असतात, परंतु आमच्याकडील तालुक्याच्या दुकानांत ते आता सहज दिसत नाहीत. शिवाय आतली डिस्क गेली की पूर्ण बॉक्सच कंपनीच्या माणसाच्या हाती द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात बॉक्सला यूएसबीची जागा असते आणि बाहेरून डिस्क जोडून रेकॉर्डिंग करता येते. तिसरा प्रकार अँड्रॉइड बॉक्सचा. त्यात काही वाहिन्यांचे हुकलेले कार्यक्रम नंतर इंटरनेटवरून पाहता येतात, आणि दुकानदार हल्ली रेकॉर्डिंगच्या बदल्यात हेच पुढे करतात. आपल्या गावात फायबरची जोडणी असेल तर ते जरूर पाहावे. परंतु मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबी डेटावर घर चालत असेल, तर तासाभराच्या एका कार्यक्रमात त्यातील निम्मा वाटा सहज संपतो, आणि पावसाळ्यात टॉवरचीच वीज गेली तर तोही मार्ग बंद होतो.

म्हणून आपल्यासारख्या घरासाठी मी यूएसबीवर रेकॉर्डिंग करणाऱ्या बॉक्सच्या बाजूने आहे. बाहेरची डिस्क बिघडली तर तेवढीच बदलता येते, ती बॉक्सच्या उष्णतेपासून दूर ठेवता येते, आणि ती कोणत्या प्रतीची घ्यावी हे आपल्या हातात राहते. कितीची डिस्क घ्यावी, याचा हिशेब सोपा आहे. साध्या वाहिनीचे चित्र सेकंदाला २ मेगाबिटच्या आसपास येत असेल, तर तासाला जेमतेम १ जीबी जागा लागते. एचडी वाहिनी ८ मेगाबिटने येत असेल तर तासाला ३.६ जीबी. रोज अर्ध्या तासाच्या चार मालिका साध्या वाहिनीवर नोंदवल्या, तर आठवड्याला १३ जीबीच्या आसपास होतात. दुकानदार १ टीबीची डिस्क गळ्यात घालू पाहील. तिची गरज नाही. त्या पैशांत २५० जीबीच्या आसपासची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, मिळत असेल तर ती घ्यावी, कारण तिच्यात फिरणारा भाग नसतो, तिला वीज कमी लागते आणि अचानक वीज गेल्याचा धक्का ती अधिक चांगला सोसते. तिच्यावरही बॉक्स रेकॉर्डिंग करतो की नाही, हे पैसे देण्याआधी दुकानातच जोडून पाहावे. फिरणारी डिस्क जोडल्यास आणखी एक अडचण येते: साध्या यूएसबी जागेतून ५०० मिलिअँपिअरच वीज मिळते आणि डिस्क सुरू होताना तिला त्याहून अधिक लागते, त्यामुळे ती नुसती टिकटिकत राहते आणि माणूस डिस्कला दोष देतो. पेनड्राइव्हवर रोजचे रेकॉर्डिंग मी टाळतो. सततचे लिहिणे त्याला फार काळ मानवत नाही.

एकाच वेळी दोन वाहिन्या हव्या आहेत का, हे घरातील सर्वांना विचारून ठरवावे, कारण खर्चाचा खरा फरक येथे पडतो. एक पाहत असताना दुसरी नोंदवायची असेल, तर बॉक्समध्ये दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे दोन भाग, लागतात आणि बहुतेक जोडण्यांत छत्रीपासून दोन केबल आणाव्या लागतात. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा उभ्या ध्रुवणाच्या (म्हणजे ज्यांच्या लहरी उभ्या दिशेने कंप पावतात अशा) वाहिन्या येतात आणि १८ व्होल्ट देतो तेव्हा आडव्या ध्रुवणाच्या. एका तारेतून दोन्ही दाब एकदम देता येत नाहीत, म्हणून दुसरी तार. कंपनीचा माणूस कधी कधी दोन ट्यूनरच्या बॉक्सला एकच केबल जोडून निघून जातो, आणि मग नोंद सुरू असताना दुसरी वाहिनी लागत नाही म्हणून घरात वाद होतो. तो जाण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर ही चाचणी त्याच्यासमोरच करून घ्यावी.

कंपनी बदलण्याचा विचार असेल तर जुना बॉक्स नव्या कंपनीकडे चालेल, ही आशा धरू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२० मध्ये कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावा अशी शिफारस केली होती. गावात मात्र आजही कंपनीसोबत बॉक्स बदलावाच लागतो. छत्रीची दिशाही बदलू शकते. टाटा प्लेची सेवा ८३ अंश पूर्वेवरील उपग्रहावरून येते, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून ती दिशा दक्षिणेच्या किंचित पूर्वेला पडते. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, त्यासाठी छत्री स्पष्ट आग्नेयेकडे वळवावी लागते. त्या बाजूला घराला लागून उंच कडुनिंब असेल, तर आधी छतावर जाऊन पाहून यावे. जोरदार पावसात चित्र जाणे उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींच्या बाबतीत अटळ आहे आणि तेवढा भाग नोंदीतूनही जातो, तरी ६० सेंटीमीटरऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री बसवली तर पकडणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि मध्यम पावसात नोंद टिकते. मी तसे केले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

डीडी फ्री डिशचा उल्लेख आला म्हणून सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. तिचे बाजारात मिळणारे यूएसबीचे बॉक्स बहुधा कुलूप न लावता रेकॉर्डिंग करतात, म्हणजे ती फाइल संगणकावरही चालते. आईंच्या मालिका पे वाहिन्यांवर असतील तर एवढ्याने भागणार नाही, आणि खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने ठरत असल्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. परंतु दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील शेतीचे कार्यक्रम जपून ठेवायचे असतील, तर याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. असा बॉक्स घेताना मागच्या लेबलवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. सेट टॉप बॉक्ससाठी ही नोंदणी केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशाने सक्तीची झाली आहे.

कंपनीच्या माणसाला विचारावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण उत्तरे लेखी घ्यावीत. बॉक्स विकत मिळतो की भाड्याने, रेकॉर्डिंगचे वेगळे शुल्क आहे का, वॉरंटी बॉक्सपुरती आहे की अडॅप्टर आणि रिमोटलाही आहे, आणि रिचार्ज संपल्यावर आधीची रेकॉर्डिंग पाहता येतात का. शेवटचा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता; सोयाबीनचे पैसे यायला उशीर झाला म्हणून महिनाभर रिचार्ज राहिले, तेव्हा आमच्याच डिस्कवरचे आमचेच कार्यक्रम उघडेनासे झाले. दिलेला शब्द पाळला गेला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. आपल्या जुन्या डिस्कमध्ये जे आहे ते नव्या बॉक्सवर येणार नाही. कंपन्यांची रेकॉर्डिंग त्या-त्या बॉक्सच्या किल्लीने बंद केलेली असतात. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी त्यातून काही दिसत नाही. तुरीच्या लागवडीवर माझे वडील एका कृषी कार्यक्रमात चार मिनिटे बोलले होते. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, मागे आमचीच विहीर. ते रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्समध्ये होते आणि न्यूट्रल सुटली त्या संध्याकाळी ते गेले. वडील त्याच्या आदल्या वर्षीच वारले होते.

आपली डिस्क अजून अधूनमधून सुरू होते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा कंपनीच्या माणसाला बोलावण्यापूर्वी बॉक्स चार-पाच तास बंद ठेवून थंड होऊ द्यावा, पहाटेच्या गारव्यात सुरू करावा, आणि घरातील कोणाचे, गावातील कोणाचे काही नोंदवलेले असेल तर नवे रेकॉर्डिंग न लावता आधी तेच लावावे. खोलीत अंधार करावा, मोबाइल टेबलावर पुस्तकांच्या आधाराने टीव्हीसमोर स्थिर उभा करावा, पंखा बंद ठेवावा म्हणजे आवाज स्वच्छ येतो, आणि पूर्ण भाग मोबाइलवर चित्रित करून घ्यावा. चित्र अडकले तर बॉक्स पुन्हा पुन्हा बंद-सुरू करू नये. पुन्हा थंड होऊ द्यावा आणि दुसऱ्या पहाटे उरलेला भाग घ्यावा. हे झाल्यावरच जुना बॉक्स त्यांच्या हाती द्यावा.