लेकराला पहिल्यांदा डेंटिस्टकडे नेताना
अगं, आधी तू शांत हो, आपला हात थंडगार पडला की पोरांना लगेच कळतं. माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची, दाढ किडलेली, रात्री गाल धरून रडायची आणि क्लिनिकमधली ती खुर्ची दिसली की माझ्या ओढणीत तोंड खुपसायची. शक्यतो लहान मुलांचेच डेंटिस्ट शोध, पेडोडॉन्टिस्ट म्हणतात त्यांना. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी नुसते दात मोजले, छोटा आरसा तिच्या हातात दिला, हवेचा फवारा आधी तिच्या नखावर मारून दाखवला मग तोंडात, बस्स, ट्रीटमेंट पुढच्या वेळी. अपॉइंटमेंट सकाळचीच घे, झोपेच्या वेळेला मूल आधीच किरकिरं झालेलं असतं. "अजिबात दुखणार नाही" असं मात्र सांगू नकोस गं, जरा टोचलं तरी विश्वास उडतो. आणि घरात कुणी "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" म्हणत असेल तर ते आजच बंद कर, आमच्याकडे सासूबाई म्हणायच्या, ते निस्तरायला महिना गेला. दुधाचेच दात, पडतीलच की, असं लोक सांगतील, पण मागच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत लागतात, त्यामुळे टाळू नकोस. भूल दिली असेल तर घरी आल्यावर दोन-तीन तास नजर ठेव, बधिर ओठ मुलं चावत बसतात, माझ्या लेकीचा दुसऱ्या दिवशी टम्म सुजला होता. जेवायलाही बधिरपणा गेल्यावरच दे.